कधीच न उघडलेला खड्डा

पितृपक्ष सरत आला की भिलाईच्या हवेत दोन वास येऊ लागतात. एक दुर्गेच्या मांडवांसाठी तोडलेल्या ओल्या बांबूंचा आणि दुसरा तापलेल्या डांबराचा. पहिल्या वासानं माणसं हरखतात, दुसऱ्यानं नाक मुरडून खिडक्या लावून घेतात. मी रस्ते-दुरुस्तीत सब-इंजिनियर आहे, तेव्हा मला खिडकी लावून घ्यायची सोय नाही. पावसाळ्यानंतरचे हे दीड-दोन महिने म्हणजे आमची सुगी. चार महिने पाऊस आणि ट्रक मिळून खड्डे पिकवतात, आणि उघडीप झाली की आम्ही डांबराची गाडी घेऊन कापणीला निघतो.

यंदाही निघालो. रुळांच्या कडेनं काशगवताचे तुरे पांढरे झालेत आणि ऊन असं पडतंय की हेल्मेटच्या आत डोकं शिजावं. अशात गेल्या मंगळवारी टेबलावर एक पत्र आलं. रस्ते देखभालीच्या कर्मचाऱ्यांसाठी दहा दिवसांचं प्रशिक्षण आहे, आपल्या विभागातून दोन नावं पाठवावीत. पत्रात वाकडं असं एक अक्षर नव्हतं. तरी मी ते तीनदा वाचलं, आणि उलटून मागची कोरी बाजूही पाहून घेतली.

मागची बाजू पाहायची खोड मला आईकडून आली. आम्ही सेक्टर दहामध्ये राहायचो. वडील स्टील प्लांटात क्लार्क. एका बाजूला बंगाली शेजार, दुसऱ्या बाजूला मल्याळी, आणि सणासुदीला झाकलेली ताटं या दारातून त्या दारात जायची. पण सण नसताना कुणाकडून शिरा आला, की आई झाकण काढायची नाही. "कावून आला?" असं आधी विचारायची. कारण कळेपर्यंत शिरा ओट्यावर गार होत पडायचा. बहुतेक वेळा कुणाचा पोरगा पास झालेला असायचा नाहीतर कुणाला प्रमोशन मिळालेलं. आई ते ऐकून घ्यायची आणि तरीही म्हणायची, "पाहू." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आईचं तोंड कधी आणि कशानं पोळलं होतं देव जाणे, पण ती साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायची. मी डिप्लोमा केला, नोकरीला लागले, लग्न होऊन दुर्गला मोहन नगरात आले. फुंकर तेवढी माहेराहून सोबत आली.

आमच्या कामात ती उपयोगी पडते, हे खोटं नाही. ठेकेदार हात जोडून "मैडम, आप बिल्कुल चिंता मत करो" म्हणाला की मी त्या क्षणापासून चिंता करायला लागते. गाडीतल्या मालातून निळा धूर निघाला तर डांबर जळलं आहे, वाफेचे बुडबुडे आले तर गिट्टी ओली आहे. दिसतं त्यावर विश्वास ठेवला असता तर माझे निम्मे रस्ते दसऱ्यालाच उखडले असते. संशयानं मला पुष्कळदा वाचवलं. म्हणूनच त्याच्यावर मी कधी संशय घेतला नाही.

सहा वर्षांपूर्वी अशाच उन्हात असंच पत्र आलं होतं. तेव्हाही दहा दिवसांचं प्रशिक्षण, मरोद्याकडच्या एका सामुदायिक भवनात. प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारे दोन पंखे, आणि भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातली थर्माकोलची अक्षरं अजून चिकटलेली. आसपासच्या लहानमोठ्या ठिकाणांहून पंचवीस-तीस माणसं आली होती. माझ्यासारखे सब-इंजिनियर, सुपरवायझर आणि मेट. मेट म्हणजे टोळीचा म्होरक्या. कागदावर आम्ही खड्डा भरतो, रस्त्यावर तो भरतो.

आमच्याकडून मी होते आणि दौलतभाऊ मेट. दौलतभाऊ मूळचे तुमसरकडचे. वडील दुर्ग लाइनीवर रेल्वेत गँगमन. रुळाखालची गिट्टी ठोकून पक्की करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, आणि तो ठोकण्याचा कान लेकाकडे आला. आमच्याकडे पॅच ठोकायला दुरमुट असतो, जाड लोखंडी पायाचं दांडकं. दौलतभाऊ दुरमुट मारायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "पोकळ हाये जी. इथं बसला नाई." उकरून पाहावं तर खरंच पोकळ असायचं. मला डिप्लोम्याच्या तीन वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं.

पण मेटांचं काम आठ महिन्यांचं. पाऊस लागला की त्यांचा हात थांबायचा. मग दौलतभाऊ बायकोला घेऊन तुमसरला जायचे, दुसऱ्यांच्या बांधीत भाताची रोवणी करायचे आणि खड्डे तयार झाले की परत यायचे. त्यांच्या बायकोला, कमलाबाईंना, या ये-जाचा वीट आला होता. "बारा महिने एका चुलीवर सयपाक केला, असं एक साल दाखवा," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. जसं काही ते माझ्या हातात होतं.

शिकवायला माथुर सर नावाचे एक निवृत्त इंजिनियर आले होते. पहिल्याच दिवशी मला त्यांचा संशय आला. कारण ते हसायचे. सरकारी प्रशिक्षणाला आलेला माणूस एक तर घड्याळ पाहतो नाहीतर पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवतो. हे गृहस्थ मेटांबरोबर पायरीवर बसून चहा प्यायचे, कोणाचं गाव कुठलं, रस्ता कुठला, किती वर्षं काम करता, असं गोडीत विचारायचे. इतकी चौकशी कशाला? शेजारच्या गावातले साहूजी, माझ्यासारखेच सब-इंजिनियर, माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसत. दुसऱ्या दिवशी ते कानाशी येऊन म्हणाले, "मैडम, ये छँटनी का चक्कर है. हँस-हँस के पूछेगा, फिर लिस्ट ऊपर जाएगी." हा माणसं कमी करायचा डाव आहे, हे मला पटायला एक क्षणही लागला नाही. मी आदल्या दिवशीच तिथवर पोचले होते.

शिकवलं मात्र त्यांनी मनापासून. भवनाच्या मागच्या रस्त्यावर एक जुना खड्डा होता. तिथं आम्हाला नेलं आणि म्हणाले, "पहले गड्ढे को बड़ा करो." सगळे हसले. मग त्यांनी स्वतः छिन्नी धरून खड्ड्याच्या कडा चौकोनी, उभ्या कापल्या, सैल माती काढली, आत पाण्याचा टिपूस राहू दिला नाही, झाडून डांबराचा पातळ हात दिला, आणि मग माल भरून कडेकडून मध्याकडे ठोकत आणला. आम्ही गोल करून उभे होतो, कपाळावरचा घाम पुसत. गंमत अशी की यातलं सगळं प्रत्येकाला माहीत होतं. आणि कोणीही करत नव्हतं. आमच्याकडे खड्ड्याचे दोन फोटो लागतात, भरण्याआधीचा आणि भरल्यानंतरचा. आत पाणी असलं, कडा पिठासारख्या भुसभुशीत असल्या, तरी वरून काळं झालं की दुसरा फोटो छानच येतो. फोटो निघाला की आमचं काम संपतं.

सातव्या दिवशी सरांनी पिवळे कागद वाटले. वर छापलं होतं, "मेरा गड्ढा". तुम्ही भरलेला आणि पुन्हा उघडलेला एक खड्डा निवडा. कुठला? कधी भरला? का उघडला? आणि शेवटचा प्रश्न, तसा भरायचं कोणी सांगितलं? लिहिता येत नसेल त्यानं शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं. सर हसत म्हणाले, "सच बताइए, बस. यही परीक्षा है."

सापळा तो हाच, मी मनाशी म्हटलं. आमच्याच हातानं आमचा कबुलीजबाब. आणि दौलतभाऊंसारख्या दर साली नव्यानं कामावर घेतल्या जाणाऱ्या माणसाला तर एवढा एक कागद पुरे. पुढच्या साली नाव गळालं की कुठं विचारायला जाणार? मला त्यांची फार काळजी वाटली. हे मी स्वतःला तेव्हा असंच सांगितलं आणि पुढं बरीच वर्षं असंच सांगत राहिले.

कुठला खड्डा त्यांच्या तोंडून निघेल, तेही मला ठाऊक होतं. त्या भवनापासून जवळच, मरोद्याच्या वळणावरचा. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी कुणी मोठे पाहुणे त्या रस्त्यानं जाणार होते. सकाळीच पावसाची सर आलेली, खड्डा काठोकाठ भरलेला. मला वरून फोन आला, मी दौलतभाऊंना केला. ते म्हणाले, "पानी हाये जी ताई. डामर धरत नाई पान्यात." मी म्हटलं, "मले मालूम हाये. भरून टाका." त्यांनी भरला. गाड्या सुळकन निघून गेल्या. फोटो सुंदर आला. आठ दिवसांत तो पॅच पापडासारखा उचलला गेला आणि एका शाळेतल्या बाई स्कूटीवरून पडल्या. त्यांचा हात मोडला. कोणी काही विचारलं नाही. आम्ही खड्डा पुन्हा भरला.

चहाच्या सुट्टीत मी दौलतभाऊंना करंजाच्या झाडाखाली गाठलं.

"तुमी काही सांगू नका तिथं," मी म्हटलं. "हे सगळं यादीतून नाव काढ्याचं काम हाये."

"पन सर त चांगला मानूस दिसते जी."

"चांगलाच दिसते. म्हनूनच सांगून राहिली. इचारलं त म्हना, माहा खड्डा कधी उघडलाच नाई."

त्यांच्या हातातल्या कागदी कपावर उन्हाचा तुकडा पडला होता, तो मला अजून दिसतो. मग म्हणाले, "बरं जी. तुमी म्हनता त तसंच."

शेवटचा दिवस आला. एकेक मेट उठून बोलायला लागला आणि त्या गरम हॉलमध्ये काहीतरी सैल होत गेलं. कुणी ओल्यात भरलेलं सांगितलं, कुणी गार झालेला माल टाकलेला, कुणी नुसती माती लोटून वर डांबर शिंपडलेलं. साहूजींच्या मेटानं तर एकच मागितला असताना नऊ सांगितले. लोक टाळ्या वाजवत होते, एकमेकांना "हमारे यहाँ भी यही" म्हणत होते. दौलतभाऊ उठले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. म्हणाले, "हमारा कोई गड्ढा नहीं खुला, साहब."

हॉल हसला. माथुर सर हसले नाहीत. "एक भी नहीं? इतने साल में?"

"नहीं, साहब."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. माझा कागद मी आधीच दिला होता. त्यात मी एक निरुपद्रवी खड्डा लिहिला होता, नाल्याच्या कडेचा, ज्याला फक्त पाऊस जबाबदार होता.

दिवाळीच्या तोंडावर यादी आली, आणि ती छँटनीची नव्हती. आलेल्या मेटांतून पाच जण निवडले होते. त्यांनी गावोगाव फिरून बाकीच्या टोळ्यांना शिकवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना बारमाही काम मिळणार होतं. नऊ खड्डे सांगणारा पहिला होता. दौलतभाऊ नव्हते. ज्या माणसाला डोळे मिटून पॅचचं दुखणं कळतं, तो माणूस नव्हता.

मी माथुर सरांना जाऊन भेटले. त्यांनी चहा मागवला, वही काढली, चष्मा पुसला. "उनका हाथ सबसे अच्छा था, मैडम. मैंने देखा था," ते म्हणाले. "पर जिसे अपनी एक गलती याद नहीं, वो दूसरों को क्या सिखाएगा?"

एक वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मीच त्यांना गप्प बसायला सांगितलं, एवढंच. पण मी ते बोलले असते तर सरांनी विचारलं असतं, क्यों? आणि मग मरोद्याचं वळण आलं असतं, फोन आला असता, त्या बाईंचा हात आला असता. मी "जी सर" म्हटलं, चहा अर्धा टाकला आणि उठले. पहिल्या वेळी मी गैरसमजानं चुकले असं म्हणता येईल. या दुसऱ्या वेळी मला सगळं समजत होतं.

ज्यांनी खरं सांगितलं त्यांच्यातल्या कोणाचंही काही वाकडं झालं नाही. साहूजींनी स्वतः पिवळ्या कागदाच्या दोन्ही बाजू भरून दिल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. माझे कान भरून स्वतः मोकळे झाले! त्यांनी हे मुद्दाम केलं की सहज, हा संशय मी आजही सोडलेला नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

त्यानंतर दर पावसाळ्याच्या तोंडावर दौलतभाऊ रजा सांगायला यायचे. "निघतो जी ताई. रोवनी लागली." कमलाबाई बाहेर पिशव्या घेऊन उभ्या असायच्या. मी त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायचे. आणि दर आश्विनात, डांबराचा पहिला वास आला की दौलतभाऊ परतल्याचं मला न बघता कळायचं, आणि माझी मान आपोआप टेबलावरच्या कागदात जायची. वासाला असं घाबरणारी इंजिनियर मीच एक असेन.

मंगळवारी आलेलं पत्र मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. गुरुवारी सकाळी मरोद्याच्या रस्त्यावर काम चालू होतं, तिथं गेले. दौलतभाऊंचे केस पिकलेत. गुडघ्याला पट्टा बांधून ते टोळीला कडा कापायला लावत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. यादी कशाची होती, सर काय म्हणाले, मी कशी गप्प राहिले. रस्त्यावरचे मजूर बघत होते, बघू देत म्हटलं.

त्यांनी खांद्यावरचा शेला काढून तोंड पुसलं.

"मले तवाच मालूम होतं जी."

"काय मालूम होतं?"

"का सर चांगला मानूस हाये म्हनून. अन् तुमी कावून भेऊन राहिल्या, थेबी." ते साधं बोलत होते, माल गार झाला का गरम आहे हे सांगावं तसं. "मी मरोद्याचा सांगतलो असतो, त त्यायनं इचारलं असतं कोनाच्या म्हनन्यानं भरला. मंग तुमचं नाव आलं असतं. तुमची नोकरी गेली असती त तुमाले दुसरी कोन देते? मले दुरमुट त कोनीबी देते."

सहा वर्षं मी समजत होते की मी त्यांना वाचवायला गेले आणि त्यात फसले. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि त्यात कमलाबाईंच्या सहा पावसाळ्यांचा स्वयंपाक दुसऱ्यांच्या चुलीवर झाला होता. घरी हे कमलाबाईंना सांगितलं का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. विचारलं नाही. उत्तर मला ऐकवलं नसतं.

मी पर्समधून पत्र काढलं. "यंदा जा," मी म्हटलं. "तुमचं नाव देते."

त्यांनी पत्र हातात घेतलं नाही, नुसतं पाहिलं. "गुडघे म्हनतात नको, पन जाईन. मंग इचारलं त मरोद्याचाच सांगू का?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. माझ्या डोक्यात वरचे साहेब येऊन गेले, माझी राहिलेली वर्षं येऊन गेली, आईसुद्धा येऊन गेली झाकणावर हात ठेवून. फार तर दोन श्वास गेले असतील. पण ते त्यांनी पाहिले.

"राहू द्या जी," ते हसून म्हणाले. अगदी प्रेमानं म्हणाले. "दुसरा सांगीन एखादा. खड्डे का कमी हायेत का आपल्याकडं?"

आणि ते टोळीकडे वळले सुद्धा. मला त्या हसण्याची इतकी लाज वाटली की मी त्यांच्या मागं भरल्या रस्त्यात मोठ्यानं ओरडले, "दौलतभाऊ, तोच सांगा. फोनवर कोन होतं थेबी सांगा." मागं एका ट्रकनं हॉर्न वाजवला. ते थांबले, वळून बघितलं, पण हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ते ठरवत असावेत. तसं त्यांनी माझ्याकडे यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मग मीच गाडीच्या बॉनेटवर पत्र ठेवून नावं लिहिली. पहिलं त्यांचं. दुसऱ्या जागी साहेबांच्या मर्जीतल्या सुपरवायझरचं नाव जाणार होतं, तिथं माझं लिहिलं, म्हणजे ते बोलले नाहीत तर मला बोलावं लागेल. सोमवारी पहिला तास आहे. मला आजपासूनच भीती वाटते आहे.